झाकण उचलणारी गजराआत्या

गजराआत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी स्टोव्हवरचं झाकण उचलायची आणि मग बोलायची. झाकण उचलायचं, वाकून वास घ्यायचा, आत काय शिजतंय ते बघायचं, झाकण परत ठेवायचं आणि पदराला हात पुसत खाली बसायचं. मी त्या खोलीत नवी राहायला गेले तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं माझ्या पातेल्यावरचं झाकण उचललं. आत मसुराची आमटी होती. "कांदा कमी घातलास," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "नाव काय गं तुझं?" मी सांगितलं, सुमन.

आधी कांदा, मग नाव. ही बाई आपल्याला सुखानं जगू देणार नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. माझा तिच्यावर राग आहे, आणि तो मी बरीच वर्षं चांगला जपून ठेवलेला आहे. समोर मी तिला 'तुम्ही' म्हणायची. मनात कधीच नाही, म्हणून इथंही म्हणणार नाही.

तेव्हा आकुर्डीच्या अंगाला नुसती बांधकामं चालली होती. हमरस्त्याच्या कडेनं एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या आणि आमच्यासारखी माणसं कुठून कुठून येऊन खोल्या शोधत होती. गजराआत्याच्या सासरची जमीन कंपनीत गेली होती. उरलेल्या तुकड्यावर तिच्या थोरल्या मुलानं, बबननं, पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ बांधली आणि कामगारांना भाड्यानं दिली. पुढं त्यांचं स्वतःचं कौलारू घर, मागं आमची ओळ आणि मध्ये आड. आम्ही नगरकडचे. आमच्या ह्यांना कंपनीत लेथवर काम लागलं होतं. आडनाव पवार. बबननं आडनाव विचारलं आणि भाडं सांगितलं. पुढचं त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पवार काय, सगळ्यांत असतात.

आत्या नवऱ्यामागं एकटी, दोन मुलं वाढवलेली, माहेर निघोज्याचं. अक्षरओळख नव्हती, पण तिला माहीत नाही अशी गोष्ट त्या पंचक्रोशीत नव्हती. कुणाची कुठली पाळी, कुणाच्या बायकोला कितवा महिना, कोण गावाकडं मनिऑर्डर करतो आणि कोण नुसतं करतो म्हणून सांगतो, सगळं. कुणी वैतागून बोललंच तर म्हणायची, "इचारल्याबिगर कळतंय व्हय?" आणि पुन्हा विचारायची.

हे सगळं नुसतं चहाडखोरपणातलं होतं असं म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण तसं नव्हतं. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. आत्या आमच्याबरोबर आली. बाकीच्या बायका पेढे घेऊन फुलांच्या माळा बघत होत्या. ही लेथसमोर उभी राहिली आणि ह्यांना विचारू लागली की लोखंड लोखंडानं कापतंय तर कापणारं का झिजत न्हाई. ह्यांनी सांगितलं की तेही झिजतं, त्याला धार लावावी लागते. "मंग धार लावनारं?" तेही झिजतं म्हटल्यावर ती खूश झाली. एवढ्यात कंपनीचे मोठे साहेब आले, कुठले तरी दक्षिणेकडचे. सगळे अंग चोरून उभे राहिले. आत्या त्यांच्यासमोर गेली आणि म्हणाली, "तुमची आई कुठं असती?" साहेबांना मराठी जेमतेम यायचं. पण आई हा शब्द कळला असावा. ते हातातली टोपी सावरत तिच्याशी बराच वेळ बोलले, आपल्या भाषेत, आणि ही मान डोलवत राहिली. घरी येताना म्हणाली, "आई एकलीच हाय त्यांची. डोळं गेल्यात." हे तिला कसं कळलं ते मला आजही माहीत नाही, पण पुढं कंपनीतल्या कारकुनानंही तेच सांगितलं.

माझ्या मुलीचं नाव सुजाता. तेही तिनं सोडलं नाही. "सुजाता म्हंजी? कुठल्या देवीचं नाव हाय ह्ये?"

"देवीचं नाही आत्या. एका उपाशी माणसाला खीर देणाऱ्या बाईचं नाव आहे."

"मंग चांगलं हाय," म्हणाली.

आता जी गोष्ट सांगते तिच्यामुळं माझ्या रागाला कायमची एक फट पडलेली आहे. सुजाता तेव्हा धरून उभी राहायला शिकली होती. हे सकाळच्या पाळीला गेलेले. मला हिवतापानं झोडपलं होतं, मी गोधडी ओढून पडले होते आणि मला कसलीच शुद्ध नव्हती. मोरीजवळ पाण्यानं भरलेली बादली होती. पोर सरकत सरकत तिथं गेली, काठ धरून उभी राहिली आणि डोक्यावर आत गेली.

आत्या आडावर होती. माझे कपडे दोरीवर का दिसत नाहीत हा प्रश्न तिला पडला. कुणाही शहाण्या माणसाला असा प्रश्न पडत नाही. पडला तरी तो आपली कामं सोडून दुसऱ्याच्या खिडकीला नाक लावत नाही. ही लावायची, रोज लावायची, आणि त्यावरून मी तिला मनात रोज शिव्या द्यायची. त्या दिवशी तिला खिडकीतून सुजाताचे दोन पाय दिसले. दार नुसतं लोटलेलं होतं. मला जाग आली तेव्हा तिनं पोरीला पायांना धरून उलटी धरली होती आणि पाठीवर थापा मारत होती. पाणी आलं, मग खोकला आला, मग रडं आलं. मी उठायला गेले आणि तिथंच पडले. आत्यानं पोरीला पदरात गुंडाळलं, माझ्याजवळ बसली, आणि बसायच्या आधी सवयीनं पातेल्यावरचं झाकण उचललं. पातेलं रिकामं होतं. "कालपास्नं जेवली न्हाईस व्हय," म्हणाली. मग चार दिवस आमचं जेवण तिच्या घरून आलं.

ती आमच्याकडं अशी आत येऊन बसू लागल्यावर तिला एक गोष्ट खटकू लागली. आमच्या खोलीत देव्हारा नव्हता. तिनं विचारलं, आणि मी खोटं सांगितलं. "देव गावाला आहेत आत्या, थोरल्या जाऊबाईंकडं." असं पुष्कळ घरांत असतं, वडिलोपार्जित देव थोरल्याकडंच राहतात, त्यामुळं तिला ते पटलं. खरं हे की आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हाच सासऱ्यांनी घरातले सगळे देव नेऊन नदीत सोडले होते. हे कुठं बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर त्याच दिवशी सामान बाहेर पडलं असतं.

पण आत्याच्या डोक्यात ते घर करून बसलं. देव नसलेल्या घरात लेकराला कोण सांभाळणार, असं तिचं म्हणणं. एक दिवस ती चाकणच्या सोनाराकडून खंडोबाचा नवा टाक घडवून घेऊन आली. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर उंचीची देवाची मूर्ती. तिच्या घरच्या देव्हाऱ्यात तसे पुष्कळ होते. सासऱ्यांच्या वेळचे झिजलेले टाक तर तिनं एका फडक्यात बांधून पुरचुंडी करून खाली ठेवले होते. मला एकदा दाखवलीही होती ती पुरचुंडी. "जेजुरीला न्यायचं म्हनती, देव उजळून घ्याचं म्हनती, ऱ्हाऊनच जातंय बघ." आणि आता माझ्यासाठी हा कोरा करकरीत देव. माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "सुजाताच्या नावानं केलाय. बसव घरात."

जिनं माझी पोर पाण्यातून काढली तिला नको कसं म्हणायचं? मी घेतला. संध्याकाळी ह्यांनी बघितला आणि ह्यांचा चेहरा उतरला. "मी हा घरात बसवणार नाही," म्हणाले. "आणि तिचं मनही मोडणार नाही. काय करायचं ते तू बघ." मी तो रुमालात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. आत्या रोज विचारायची, "बसवला का देव?" मी म्हणायची, चांगला दिवस बघते. मग म्हणायची, जाऊबाईंना विचारून बसवते.

इथं माझं चुकलं असं कुणी म्हणेल. काही चुकलं नाही. चूक तिची, तिच्या त्या न मिटणाऱ्या भुकेची. नगरकडं कुणाचं तरी लग्न होतं, तिथून येताना ही बाई वाट वाकडी करून माझ्या सासरच्या गावाला उतरली. कशाला, तर जाऊबाईंना भेटायला आणि आमचे देव डोळ्यांनी बघायला. हातात खणानारळाची ओटी होती. स्टँडवर तिनं पवारांचं घर विचारलं. समोरच्यानं विचारलं, कुठले पवार, गावातले का वस्तीवरचे. तिनं सांगितलं, ज्यांचा भाऊ पिंपरीला कंपनीत आहे ते. मग त्यानं गावाच्या बाहेर बोट दाखवलं.

पुढचं मला जाऊबाईंनी सांगितलं. आत्या आली, ओसरीवर बसली, पिंपरीची ओळख सांगितली. जाऊबाईंनी गडबडीनं तांब्याभर पाणी दिलं. ती सगळं पाणी प्याली. तांब्या खाली ठेवला आणि मग वर बघितलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि कोपऱ्यात निळा झेंडा. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "देव कुठं असत्यात तुमचं?" जाऊबाई सरळ बाई, त्यांनी नदीचं सगळं सांगून टाकलं. आत्या ओटी तिथंच ठेवून उठली आणि एसटीला गेली.

परत आली ती ओळीच्या पहिल्या दारापासून सांगत आली. मी आडावर होते, मला ऐकू येत होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला सगळ्यात जास्त लागलं. कुणाची म्हैस व्यायली अशी बातमी सांगावी तसं ती सांगत होती. "ऐकलंस का, सुमन आपल्यातली न्हाई." दुसऱ्या दारात पुन्हा तेच. माझ्यापाशी आली आणि मलाच म्हणाली, "का गं, सांगितलं न्हाईस?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही एकट्या आल्या असत्या माझ्याकडं, तर सांगितलं असतं." ती म्हणाली, "माज्या पोटात काय ऱ्हात न्हाई गं. तुला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन गेले तर आडाभोवती ओळीतल्या बायका उभ्या. कुणी वाट दिली नाही. आदल्या दिवसापर्यंत यातल्या दोघींची पोरं माझ्या हातचं खात होती. बबननं ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं की खोली आजच्या आज खाली करा. हे भांडायला निघाले होते, मीच अडवलं. जिथं पाण्याला हात लावू देत नाहीत तिथं भांडून राहण्यात काय मिळवायचं होतं? ह्यांच्या कंपनीतल्या एका मित्रानं बैलगाडी आणली. सामान ते केवढं, पण बघायला सगळी ओळ बाहेर आली, आत्याच्या घरचेही झाडून सगळे. आत्या गाडीच्या चाकाला टेकून उभी. मी सुजाताला घेऊन खोलीतून बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, "आता कुठं जानार तुमी?"

घर सोडायला लावलं आणि वर पत्ता विचारते. इतका निर्लज्ज प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नाही. मी उत्तर दिलं नाही. मी तेव्हाच ठरवलं की या बाईला यापुढं माझ्याकडून एकाही गोष्टीचं उत्तर मिळायचं नाही, जी कळल्याशिवाय तिचा जीव तळमळेल अशा गोष्टीचं तर नाहीच.

बबन म्हणाला होता, किल्ली ओट्यावर ठेव, आत यायचं नाही. मी पोरीला ह्यांच्याकडं दिलं आणि किल्ली घेऊन त्यांच्या घराकडं गेले. सगळी माणसं गाडीपाशी तमाशा बघत होती. घरात कुणी नव्हतं, दार सताड उघडं. सकाळीच घरभर गोमूत्र शिंपडलं होतं, त्याचा वास येत होता. माझ्या येण्याजाण्यानं बाटलेलं घर शुद्ध करून घेतलं होतं. तो वास नाकात गेला आणि माझं ठरलं. मी किल्ली ओट्यावर ठेवली, चप्पल न काढता आत गेले, सरळ देवघरात. रुमालातला खंडोबा माझ्या पोलक्यात होता, जाताना तिच्या तोंडावर परत करायचा म्हणून काढून घेतला होता. मी झिजलेल्या देवांची ती पुरचुंडी सोडली, नवा टाक त्यांच्यात घातला, गाठ पहिल्यासारखी मारली. मग देव्हाऱ्यातल्या एकेका देवाला हात लावला, एकही सोडला नाही, आणि बाहेर आले. गाडीत बसले तेव्हा मला हसू येत होतं. ह्यांना वाटलं मी रडतेय.

तिचा देव तिच्याच घरात, आणि तिला कधी कळणार नव्हतं. ज्या घरात मी यायचं नाही तिथं मी येऊन गेले होते, आणि तेही तिला कळणार नव्हतं. दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावणाऱ्या बाईवर याहून चांगला सूड कोणता उगवायचा?

आम्ही पिंपरीत राहायला गेलो, आमच्याच माणसांत. काही महिन्यांनी मंडईत ती समोर आली. मला बघितलं आणि भाजी तिथंच टाकून लगबगीनं आली. "सुमन, देव कुठाय?"

"कुठला देव?"

"अगं माजा खंडोबा. सुजाताचा."

मी मेथीची जुडी निवडत राहिले. ती म्हणाली, "पान्यात टाकला का? तुज्या सासऱ्यानं टाकला तसा?" मी पैसे दिले आणि चालू लागले. मागून तिनं दोनदा हाक मारली. त्या दिवशी माझ्या हातची भाकरी मलाच गोड लागली.

मग ती घर शोधत आली. ती कुणाचंही घर शोधून काढू शकली असती. आली की झाकण उचलायची, सुजाताला जवळ ओढायची, ह्यांची पगारवाढ झाली का विचारायची, शेजारीण कोण, तिचा नवरा काय करतो, सगळं. तिला कुठं पाणी घ्यावं आणि कुठं नाही याचं काही उरलेलं दिसत नव्हतं. मी चहा पुढं केला की ती बशीत ओतून प्यायची. पहिल्यांदा मी मुद्दाम कप न पुसता दिला होता, बघू काय करते म्हणून. तिनं पदरानं पुसला आणि प्याली. सगळ्या गप्पा झाल्या की उठताना तेच. "देव कुठाय ते सांग की गं." मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. कशाचंच उत्तर न द्यायचं ठरवलेलं मीच मोडलं म्हणा, कारण बाकीची दिल्यावर एक न दिल्याचं सुख जास्त होतं. वर्षातून दोनदा-तीनदा ती यायची, आणि वर्षातून दोनदा-तीनदा मला तो आनंद मिळायचा.

सुजाता मोठी झाली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिला ते आवडलं नाही. "आई, तिनं मला वाचवलं ना? मग सांगून टाक," म्हणाली.

"वाचवलं म्हणून चहा देते. घालवलं म्हणून सांगत नाही. दोन्ही हिशेब वेगळे आहेत."

"म्हातारी झालीय ती."

"होऊ दे. मीही होतेय."

शेवटचं ती आली तेव्हा काठी टेकत आली होती. आम्ही स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. तिनं दोन्ही फिरून बघितल्या, भिंतीला हात लावून सिमेंट कुठलं विचारलं, गॅसची शेगडी चालू करून बघितली, बंद करून बघितली. सुजाताच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हितं मारल्या व्हत्या थापा." मग बसली. नेहमीसारखं विचारलं नाही, हळू आवाजात विचारलं. "येवडंच सांग पोरी. बरा हाय का त्यो? उगडा न्हाई ना?"

सुजाता दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "बरा आहे. चांगल्या घरात आहे. तिथं रोज दिवा लागतो."

ती हसली. इतकी हसली की बशीतला चहा लुगड्यावर सांडला. "कुनाच्या गं घरात?"

"ते नाही सांगणार."

"नगं सांगूस," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. मला वाटलं, सुटल्यासारखं झालं असेल हिला. अर्धंच सांगून मी तिला आणखी अडकवलं, याचंही मला बरं वाटलं. जाताना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. त्यानंतर काही महिन्यांतच ती गेली. मी मातीला गेले नाही.

पुढं एकदा दुपारी तिची धाकटी सून माझ्या दारात आली. शेवंता तिचं नाव. आम्ही खोली सोडल्यावर महिन्याभरातच ती लग्न होऊन त्या घरात आली होती, त्यामुळं मी तिला कधी बघितलेलं नव्हतं. तिनंच ओळख सांगितली, बसली, आणि पिशवीतून एक फडकं काढून उलगडलं. आत तो टाक होता. रोज हात लागून लागून घासल्यासारखा लख्ख झाला होता.

"आत्याबाई म्हनाल्या हुत्या, माज्यामागं सुमनला इचार. ठेवू का नदीत सोडू?"

मी विचारलं, कुठं सापडला.

"सापडायला काय, पहिल्यापास्नं देव्हाऱ्यातच हाय. लग्न झाल्यावर आमी नवरा-नवरी देवाला जेजुरीला गेलो. आत्याबाईंनी ती जुन्या देवांची पुरचुंडी संगं घेतली हुती, उजळायला द्यायची म्हून. तितं सोडली तर ह्यो निघाला. मी इचारलं, ह्यो नवा कुनाचा? त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मंग म्हनल्या, सुमनचा. ती आत येऊन गेली बघ." शेवंतानं माझ्याकडं बघितलं. "मंग मला शपथ घातली. तुज्या नवऱ्याला बोलू नको, बबनला तर न्हाईच न्हाई."

म्हणजे मंडईत तिनं मला गाठलं तेव्हाच तिला ठाऊक होतं. पान्यात टाकला का म्हणून विचारलं तेव्हा ठाऊक होतं. एवढी वर्षं मी जिला तडफडताना बघून समाधानानं झोपत होते, ती तडफडतच नव्हती. मला फसवलं म्हातारीनं. जिच्या पोटात काही राहत नव्हतं तिनं ही एक गोष्ट मरेपर्यंत पोटात ठेवली, आणि ठेवायची तीही माझीच.

मी विचारलं, "मग घर पुन्हा धुतलं का?"

"न्हाई," शेवंता म्हणाली. "धुवायचं तर का धुतुया त्ये सांगावं लागलं असतं."

"पण मग माझ्याकडं येऊन दर वेळी विचारायची कशाला?"

"म्या बी इचारलं हुतं येकदा. म्हनल्या, सुमन सांगती का त्ये बघायचंय."

मला तिचा इतका राग आला की ती समोर असती तर मी तिला हाताला धरून हलवलं असतं. घर धुतलं नाही ते माझ्या मायेनं, की पोरांच्या भीतीनं, की केलेल्याची लाज वाटून? जाऊबाईंकडचं पाणी प्याली ते कळायच्या आधी, की वस्तीकडं बोट दाखवलं तेव्हाच कळलं होतं? एक ना दोन, शंभर प्रश्न मला विचारायचे आहेत, आणि विचारायला ती नाही. सूड असा माझ्यावर उलटलेला आहे. ती तिकडं कुठं असेल तिथं हसत असणार.

मी शेवंताला म्हटलं, देव जिथं होता तिथंच ठेव. ती म्हणाली, "तितं म्हंजी कुठं ठेवू ताई? भावाभावांचं वाटप झालं. घर मोडायचंय, जागा कंपनीवाल्याला दिली बबनभाऊजींनी. आमाला म्हयन्याभरात निघायचंय."

त्या घरातली माणसं घराबाहेर पडणार हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. ते कौलारू घर, तो आड, ती ओळ. हे कानावर येईल त्या दिवशी पेढे वाटायचे असं मी एकदा ह्यांना म्हटलंही होतं. मी शेवंताकडं बघितलं. तिनं टाक पुन्हा फडक्यात बांधला होता आणि गाठीवर हात ठेवून बसली होती.

"आता कुठं जाणार तुम्ही?" मी विचारलं.

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय विचारलं ते. गाडीचं चाक, त्याला टेकून उभी असलेली ती, आणि हाच प्रश्न, याच शब्दांत. मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं.

शेवंतानं दिलं. "निघोज्याला," ती म्हणाली. "आत्याबाईंच्या माहेराजवळ येक खोली बघितलीया." मग शेगडीकडं बघून तिनं विचारलं, "काय शिजतंय ताई?" मी उठले आणि झाकण उचलून तिला दाखवलं.